एका हायकोर्टाच्या दोन वाटण्या

शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकांत जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात. बाग इकडची असो की सीमेपलीकडच्या पांढुर्ण्याची, पाण्याची नि बांधाची भांडणे सारखीच. मात्र प्रकरण हायकोर्टात गेले, की शेंदूरजन्याचा माणूस नागपूरची वाट धरतो आणि पांढुर्ण्याच्या माणसाला, नागपूर उशाशी असूनही, जबलपूर गाठावे लागते. १९५६ पर्यंत दोघांचे हायकोर्ट एकच होते.

ते २ जानेवारी १९३६ च्या बादशहाच्या सनदेने सुरू झाले. त्याआधी ज्युडिशियल कमिशनरचे कोर्ट होते. वऱ्हाड तेव्हा कागदोपत्री निजामाचे, १९०२ च्या करारानुसार वर्षाला २५ लाख रुपयांवर इंग्रजांकडे कायमच्या पट्ट्याने दिलेले. म्हणजे मालक हैदराबादला, कारभारी नागपूरला आणि पक्षकार शेंदूरजन्याला! १९४० साली व्हाइसरॉय लिनलिथगोंनी उद्घाटन केलेली दगडी इमारत देखणी आहे खरी, पण तिचे कौतुक आजवर पुष्कळ झाले.

अधिकारांचे बोलावे. रिट काढण्याचा अधिकार मुंबई, कलकत्ता, मद्रास या तीन जुन्या हायकोर्टांनाच होता. नागपूरला अटकेविरुद्ध फौजदारी कायद्याखाली दाद मागता येई, तेवढेच. एरवी काम मुख्यतः अपिलांचे. समजा, सातबाऱ्यावर विहिरीची नोंद घ्यायला तहसीलदाराने कारण न देताच नकार दिला. मग मोर्शीच्या एसडीओकडे जा, तिथून आणखी वर. पण वर बसलेलाही सरकारचाच माणूस. २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटनेचे कलम २२६ लागू झाले आणि सरकारला थेट जाब विचारण्याचा अधिकार नागपूरलाही मिळाला. माझ्या मते या हायकोर्टाचा खरा जन्म त्या दिवशीचा.

सहाच वर्षांत वाटणी झाली. राज्य पुनर्रचनेत नागपूरचे हायकोर्टच कायद्याने मध्य प्रदेशचे ठरले. मुख्य न्यायमूर्ती हिदायतुल्ला जबलपूरला गेले. वऱ्हाड मुंबई राज्यात आले आणि नागपूरला उरले खंडपीठ. १९५३ च्या नागपूर करारात त्याचा शब्द दिलेला होताच. १९६० च्या मुंबई पुनर्रचना कायद्याच्या कलम ४१ ने तो पक्का केला: नागपूरला किमान तीन न्यायमूर्ती बसतील, आणि बुलढाणा, अकोला, अमरावतीसह विदर्भातली प्रकरणे ऐकतील. औरंगाबादला खंडपीठासाठी १९८० चे दशक उजाडले. कोल्हापूरचे सर्किट बेंच तर २०२५ चे.

आणीबाणीत कसोटी लागली. मूलभूत हक्क स्थगित असताना स्थानबद्धाला कोर्टात येताच येत नाही, हे सरकारचे म्हणणे ज्या हायकोर्टांनी फेटाळले त्यांत जबलपूर होते आणि मुंबईचे नागपूर खंडपीठही होते. वाटणी होऊन वीस वर्षे झाली होती, तरी दोघांनी सरकारला एकच उत्तर दिले. सुप्रीम कोर्टाने २८ एप्रिल १९७६ रोजी ते फिरवले. पाचांपैकी एकट्या न्या. खन्नांचे मत वेगळे होते. निकाल जबलपूरच्या नावाने बदनाम झाला, हा त्या शहरावर जरा अन्यायच.

सरकारच्या बाजूचा तो निकाल खासगीपणाच्या हक्कावरील २०१७ च्या पुट्टस्वामी खटल्यात चुकीचा ठरवला गेला. त्या नऊ जणांच्या घटनापीठावर न्या. शरद बोबडे होते. त्यांची वकिली नागपूर खंडपीठातच घडलेली.