पनामा कालव्यावर झेंडा कुणाचा? शाळेच्या एका खांबावरून पेटलेलं 1964 चं प्रकरण

डिसेंबर 2024 मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी सोशल मीडियावर एक फोटो टाकला. पाण्यावर फडकणारा अमेरिकेचा झेंडा आणि सोबत एक ओळ, 'युनायटेड स्टेट्स कालव्यात तुमचं स्वागत आहे'. आपल्याकडे अनेकांनी तो मीम समजून फॉरवर्ड केला. पनामात मात्र कुणाला हसू आलं नाही. याच कालव्याकाठी कोणता झेंडा कुठल्या खांबावर लावायचा, यावरून तिथे माणसं मेली आहेत.

मुळात भानगड काय होती?

1903 मध्ये पनामा कोलंबियापासून वेगळा झाला. त्यानंतर दोनच आठवड्यांत अमेरिकेबरोबर करार झाला. कालव्याच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच मैलांचा पट्टा अमेरिकेला मिळाला, तोही कायमचा. करारातली भाषा गमतीशीर होती. अमेरिका या जमिनीची सार्वभौम मालक 'असती तर' तिला जे अधिकार मिळाले असते, ते सगळे तिला दिले. आता 'असती तर' म्हणजे मालक आहे की नाही?

सोप्या भाषेत सांगायचं तर सातबारा पनामाच्या नावावर आणि वहिवाट अमेरिकेची. या पट्ट्याला कॅनॉल झोन म्हणत. तिथले पोलीस, कोर्ट, पोस्ट, शाळा, दुकानं सगळं अमेरिकेचं. अमेरिकन कर्मचाऱ्यांचा पगार वेगळ्या यादीतून आणि चांगला, स्थानिक आणि कॅरिबियन मजुरांचा वेगळ्या यादीतून आणि कमी. पनामा शहरातून रस्ता ओलांडला की दुसराच देश लागायचा.

पैशाचा, पगाराचा वाद वर्षानुवर्षं चालू होताच. पण 'ही जमीन आमची आहे' हे डोळ्यांना दिसावं कसं? उत्तर सोपं होतं, झेंडा. मे 1958 मध्ये पनामाच्या विद्यार्थ्यांनी झोनमध्ये घुसून जागोजागी आपले छोटे झेंडे रोवले. पुढच्या वर्षी 3 नोव्हेंबरला, पनामाच्या स्वातंत्र्यदिनी, झेंडे घेऊन आत शिरणाऱ्या जमावाची झोनच्या पोलिसांशी झटापट झाली. मग राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी मान्य केलं की पनामाच्या नाममात्र सार्वभौमत्वाची काहीतरी दृश्य खूण असायला हवी. सप्टेंबर 1960 मध्ये झोनच्या हद्दीवरच्या एका त्रिकोणी जागेत पनामाचा झेंडा चढला. एवढ्या मोठ्या पट्ट्यात एक!

1962 मध्ये पनामाचे राष्ट्राध्यक्ष रोबेर्तो चियारी वॉशिंग्टनला गेले आणि केनेडींशी बोलणी झाली. त्यातून ठरलं असं, की झोनमध्ये नागरी प्रशासन जिथे अमेरिकेचा झेंडा लावेल, तिथे शेजारी पनामाचाही लागेल. झोनमध्ये राहणाऱ्या अमेरिकनांना हे अजिबात रुचलं नाही. काहींच्या दोन-दोन पिढ्या तिथे गेलेल्या. एक कर्मचारी तर थेट कोर्टात गेला, पण दावा फेटाळला गेला.

झोनचे गव्हर्नर रॉबर्ट फ्लेमिंग यांनी मग एक प्रशासकीय तोडगा काढला. अट काय, तर अमेरिकेचा झेंडा असेल तिथे पनामाचा हवा. मग काही ठिकाणी अमेरिकेचाच काढून टाकला तर? 30 डिसेंबर 1963 ला त्यांनी आदेश काढला आणि शाळांसारख्या ठिकाणी कुणाचाच झेंडा नको, असं ठरवलं. कागदावर हिशेब बरोबर जुळला. प्रत्यक्षात दोन्ही बाजू दुखावल्या. अमेरिकनांना वाटलं आपला झेंडा उतरवला, पनामाला वाटलं आपला लावायला लागू नये म्हणून ही पळवाट.

7 जानेवारी 1964 ला झोनमधल्या बाल्बोआ हायस्कूलच्या मुलांनी आदेश धाब्यावर बसवून शाळेसमोर अमेरिकेचा झेंडा चढवला. अधिकाऱ्यांनी उतरवला, मुलांनी पुन्हा चढवला आणि रात्रभर खांबापाशी पहारा दिला. मोठी माणसं त्यांना खाऊपिऊ घालत होती. करारात ठरलेल्या दुसऱ्या झेंड्याचा मात्र तिथे पत्ता नव्हता.

9 जानेवारीला पनामाच्या इन्स्टिट्यूटो नासिओनाल या शाळेतले सुमारे 200 विद्यार्थी आपला झेंडा घेऊन निघाले. हा झेंडा साधा नव्हता. 1947 मध्ये अमेरिकी लष्करी तळांविरुद्धच्या आंदोलनात तोच वापरला होता. पोलिसांनी मोजक्या मुलांना खांबापर्यंत जाऊ दिलं. पण समोर जमाव उभा होता, अमेरिकेचं राष्ट्रगीत सुरू झालं, धक्काबुक्की झाली आणि तो झेंडा फाटला. मुद्दाम फाडला की ओढाताणीत फाटला, यावर दोन्ही देशांची कथा आजही वेगळी आहे.

बातमी शहरात पोहोचली तसे हजारो लोक झोनच्या कुंपणाकडे धावले. आधी झोनच्या पोलिसांनी आणि मग लष्करानं गोळीबार केला. पनामा या दंगलीतले आपले 21 हुतात्मे मोजतो. त्यातला पहिला, आस्कानिओ आरोसेमेना, फक्त 20 वर्षांचा होता. चार अमेरिकी सैनिकही मारले गेले. 10 जानेवारीला चियारींनी अमेरिकेशी राजनैतिक संबंध तोडले. केनेडींच्या हत्येनंतर जेमतेम सात आठवड्यांपूर्वी खुर्चीत बसलेल्या जॉन्सन यांनी त्यांना स्वतः फोन लावला, तर चियारींची मागणी एकच, अख्खा करारच बदला. झेंड्याचा विषय तोवर मागे पडला होता.

एप्रिलमध्ये संबंध पुन्हा जुळले. डिसेंबर 1964 मध्ये नव्या कराराची बोलणी करायला जॉन्सन तयार झाले, पण सही व्हायला 1977 उजाडलं. कार्टर आणि ओमार तोरिहोस यांच्या त्या करारात झेंड्यांसाठी स्वतंत्र कलम आहे, सातवं. पनामाची सगळी भूमी पनामाच्याच झेंड्याखाली आणि मानाची जागा कायम त्याचीच. अमेरिकेचा झेंडा कुठे कुठे लावता येईल तेही त्यात नेमून दिलंय, आणि तोही एकटा नाही, पनामाच्या झेंड्यासोबतच.

1 ऑक्टोबर 1979 ला झोन बरखास्त झाला. शाळेची ती इमारत आता आरोसेमेनाच्या नावाने ओळखली जाते आणि 9 जानेवारीला देशभर हुतात्मा दिन पाळतात. कालवा पूर्णपणे पनामाला मिळाला तो 31 डिसेंबर 1999 ला दुपारी. त्या सोहळ्यात अमेरिकेचा झेंडा उतरवण्याचं दृश्य कुणाला पाहायला मिळालं नाही. प्रशासकीय इमारतीवरून तो आदल्याच दिवशी, फारसा गाजावाजा न करता उतरवला होता.