आमिश समाजाचे अंतरंग : प्रतिज्ञा आणि बहिष्कार

अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया, ओहायो व इंडियाना या राज्यांतून प्रवास करणाऱ्याच्या नजरेत आमिश लोक प्रथम भरतात ते त्यांच्या घोडागाड्या, पुरुषांच्या रुंद काठाच्या टोप्या व स्त्रियांची शिरोवस्त्रे यांमुळे. या बाह्य चिन्हांवरून हा समाज केवळ जुन्याला चिकटून बसलेला आहे, असा ग्रह होणे स्वाभाविक आहे. परंतु त्याच समाजात वाढलेल्या अभ्यासकाने रेखाटलेले चित्र याहून निराळे आहे. जॉन ए. हॉस्टेट्लर (१९१८–२००१) यांचा ‘आमिश सोसायटी’ हा ग्रंथ १९६३ साली प्रसिद्ध झाला व पुढे त्याच्या सुधारित आवृत्त्याही निघाल्या. त्यांच्या जीवनक्रमाच्या आधारे या समाजरचनेतील कळीची गोष्ट स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ती गोष्ट म्हणजे जाणत्या वयात घेतलेली बाप्तिस्म्याची प्रतिज्ञा होय.

या प्रतिज्ञेचे मूळ सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेत आहे. १५२५ साली झुरिक येथे काही सुधारकांनी असे प्रतिपादन केले की, अजाण अर्भकाला दिलेला बाप्तिस्मा निरर्थक असून श्रद्धा ही समजून-उमजून स्वीकारावयाची गोष्ट आहे. या पंथाला पुनर्बाप्तिस्मावादी असे नाव पडले. प्रतिज्ञा मोडणाऱ्याशी व्यवहार तोडावा की नाही, या प्रश्नावर १६९३ साली त्यांच्यात फूट पडली. कडक बहिष्काराचा आग्रह धरणारे याकोब आमान यांचे अनुयायी ते आमिश. अठराव्या शतकात ते पेन्सिल्व्हेनियात येऊ लागले. आज युरोपात त्यांची स्वतंत्र मंडळी उरलेली नाही. उत्तर अमेरिकेत मात्र त्यांची संख्या सुमारे चार लाख आहे.

आमिश समाजाचा मूळ घटक म्हणजे साधारणतः पंचवीस ते चाळीस कुटुंबांची स्थानिक मंडळी. तिचे प्रार्थनामंदिर नसते. एक रविवार सोडून एक अशी उपासना सभासदांच्या घरी पाळीपाळीने होते. धर्मसेवक वेतन घेत नाहीत आणि त्यांची निवड चिठ्ठीने होते. उमेदवारांपुढे गीतपुस्तके ठेवली जातात व ज्याच्या पुस्तकात चिठ्ठी निघेल त्याच्यावर ते ओझे आजन्म येते. आचरणाचे नियम ‘ऑर्डनुंग’ या नावाने ओळखले जातात व ते बहुतांशी अलिखित असतात. वर्षातून दोनदा, प्रभुभोजनाच्या आधी, सर्व सभासदांनी त्यांना संमती द्यावी लागते. हे नियम यंत्रद्वेषातून निर्माण झाले आहेत असे म्हणता येत नाही. अनेक वसाहतींत दूरध्वनी घरात ठेवता येत नाही, परंतु वाटेच्या टोकाशी असलेल्या खोपटात तो चालतो. मोटार विकत घेता येत नाही, परंतु परक्याच्या मोटारीतून भाडे देऊन जाता येते. कोणतीही नवी वस्तू घराला शेजारापासून तोडील की काय, ही तिची कसोटी असते.

आमिश आईबापांच्या पोटी जन्मलेले मूल जन्माने मंडळीचे सभासद ठरत नाही. सोळाव्या वर्षानंतर तरुणांना काहीसे मोकळेपण मिळते आणि बहुधा अठरा ते बावीस या वयात ते बाप्तिस्मा घेतात. त्या वेळी मंडळीचे नियम पाळण्याचे वचन ते देतात. हे वचन मोडून जो पश्चात्ताप करीत नाही, त्याला मंडळीबाहेर काढले जाते व त्याच्याशी ‘मायडुंग’ म्हणजे व्यवहारत्याग पाळला जातो. त्याच्यासह एका पंक्तीला जेवावयाचे नाही, त्याच्या हातून काही घ्यावयाचे नाही. उलट, प्रतिज्ञेपूर्वीच जो समाज सोडतो त्याच्यावर हा बहिष्कार नसतो. आईबापांना दुःख होते, पण घरची पंगत त्याला खुली राहते.

हॉस्टेट्लर यांनी या दोन्ही बाजू घरातच पाहिल्या. त्यांच्या बालपणीच वडिलांना मंडळीने बहिष्कृत केले व पुढे कुटुंब पेन्सिल्व्हेनियातून आयोवा राज्यात गेले. स्वतः जॉन यांनी बाप्तिस्मा घेण्यापूर्वीच आमिश जीवनाचा निरोप घेऊन मेनोनाइट पंथ स्वीकारला. त्यामुळे पुढे विद्यापीठातील अध्यापक झाल्यावरही ते आमिश घरी जाऊन, त्यांच्याच जर्मन बोलीत बोलत, पंगतीला बसू शकत. प्रतिज्ञेनंतर ते बाहेर पडले असते, तर ही वाट त्यांना इतकी मोकळी राहिली नसती.

हा प्रश्न न्यायालयातही उभा राहिला. आठव्या इयत्तेनंतर मुलांना शाळेत न पाठविणाऱ्या काही पालकांना विस्कॉन्सिन राज्यात प्रत्येकी पाच डॉलर दंड झाला. त्या खटल्यात हॉस्टेट्लर यांनी तज्ज्ञ म्हणून साक्ष दिली आणि सक्तीच्या माध्यमिक शिक्षणामुळे या समाजाचे अस्तित्वच धोक्यात येईल असे सांगितले. १५ मे १९७२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पालकांच्या बाजूने निर्णय दिला. तथापि न्यायमूर्ती डग्लस यांनी अंशतः भिन्नमत नोंदवून म्हटले की, प्रत्यक्ष मुलांचे म्हणणेही ऐकले पाहिजे. ही शंका आमिश विचाराच्या मर्मावरच बोट ठेवते. प्रतिज्ञेचे मोल निवडीच्या स्वातंत्र्यावर अवलंबून आहे. मग ज्याचे शालेय शिक्षण चौदाव्या वर्षाच्या सुमारास संपले, त्याची निवड कितपत स्वतंत्र मानावी?

मराठी वाचकाला येथे ‘वाळीत टाकणे’ या प्रथेचे स्मरण होईल. साम्य आहे, परंतु भेद अधिक महत्त्वाचा आहे. जातपंचायतीचा अधिकार जन्माने लादलेला असतो. त्यासाठी कोणी वचन दिलेले नसते. त्या प्रथेविरुद्ध महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ साली कायदा संमत केला. आमिश बहिष्कार मात्र दिलेल्या शब्दाच्या भंगासाठी असतो, असे त्याचे समर्थन केले जाते. ते मान्य केले तरी, त्याचा भार केवळ अपराध्यावर पडत नाही. मुलासाठी वेगळे ताट मांडणाऱ्या आईलाही ती शिक्षा भोगावी लागते. नियमावली वाचून हे कळत नाही. ज्या घरात ते ताट मांडले गेले, त्या घरात वाढलेल्यालाच ते प्रथम दिसते. अंतःस्थ अभ्यासकाच्या साक्षीचे मोल येथेच आहे.