घणाबद्दलचे काही पक्के गैरसमज

सभेतली टीका घणाघाती, फलंदाजी घणाघाती, अग्रलेखही घणाघाती. रोजच्या वाचनात घण असा भेटतो, म्हणून तो फक्त तोडफोडीचं अवजार आहे असं मनात बसतं. काही जण हा शब्द ‘घनाघाती’ असाही लिहितात. मूळ संस्कृत शब्द ‘घन’ हे खरं, पण मराठीत लोहाराच्या अवजाराला ‘ण’ आहे. ‘न’ ढगाला आणि घनफळाला.

फोडणं हे घणाचं एक काम झालं. तो घडवतो आणि जोडतोही. दिल्लीतल्या मेहरौलीचा लोहस्तंभ बघा. उंची सुमारे ७ मीटर, वजन ६ टनांहून जास्त, वय सुमारे १,६०० वर्षं. तो ओतीव असेल असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात लोखंडाचे गोळे तापवून, एकमेकांवर ठोकून, जोडत जोडत तो उभा केला आहे. त्या काळच्या भट्टीतून लोखंड वितळून वाहत नसे. मळी मिसळलेला सच्छिद्र गोळा हाती येई. तापलेल्या गोळ्यावर घाव पडत तेव्हा ती मळी पिळून बाहेर निघे आणि लोखंड एकजीव होई.

घण चालवणारा तोच उस्ताद, ही समजूतही चुकीची आहे. आठवडी बाजाराच्या कडेला घिसाड्यांचं बिऱ्हाड उतरलेलं असतं, तिथे थोडा वेळ थांबून पाहावं. सांडशीत धरलेला नांगराचा फाळ ऐरणीवर येतो. सांडशी धरणाऱ्याच्या दुसऱ्या हातात छोटा हातोडा असतो. तो एक हलका टोला देतो आणि नेमक्या त्याच जागी घण पडतो. घण बहुतेक वेळा घरातल्या बाईच्या हातात असतो. पदर खोचलेला, पाय फाकवून रोवलेले, नजर फाळावरून हलत नाही. हातोडा जागा दाखवतो, घण ती दाबतो. फाळाचा रंग उतरून काळपट होऊ लागला की दोघंही थांबतात आणि फाळ परत भट्टीत जातो. थंडावलेल्या लोखंडावर जोर काढला तर ते आकार घेत नाही, त्याला चिरा पडतात. इतकं कसबी काम करणाऱ्या या बाईला आपण ‘मदतनीस’ म्हणून मोकळे होतो, याचं मला फार वाईट वाटतं. तिचा घाव बोटभर सरकला तर फाळ वाकडा होतो किंवा नवऱ्याचा हात जायबंदी होतो.

घण जितका जड तितका घाव मोठा, हेही अर्धंच खरं. वजन दुप्पट केलं तर घावातली ऊर्जा दुप्पट होते. वेग दुप्पट केला तर चौपट. ५ किलोचा घण सेकंदाला ८ मीटर वेगाने उतरला तर १६० ज्यूल ऊर्जा देतो. ८ किलोचा घण उचलतानाच दम लागला आणि वेग ६ मीटरवर आला, तर ऊर्जा १४४ ज्यूलच भरते. शिवाय दमलेल्या हाताचा नेम चुकतो तो वेगळाच. म्हणून आपल्याला पेलेल तोच घण घ्यावा.

खाणीतला दगडही निव्वळ धबाधब मारून हवा तसा फुटत नाही. आपला काळा बेसाल्ट दाब प्रचंड सोसतो, पण ताण त्या मानाने फारच कमी. वडार आणि पाथरवट पिढ्यान्‌पिढ्या याचाच फायदा घेत आले आहेत. एका रेषेत भोकं पाडायची, त्यांत पाचरी बसवायच्या आणि पाळीपाळीने प्रत्येक पाचरीवर घण घालायचा. पाचर दगडाला आतून दोन बाजूंना रेटते आणि दगड त्या रेषेवर उलतो.

आता हिरा. ऐरणीवर ठेवून घणाचे घाव घातले तरी जो टिकतो तो खरा हिरा, ही प्रतिमा तुकोबांच्या अभंगामुळे घरोघरी पोचली आहे. भक्तीच्या कसोटीसाठी ती सुंदरच आहे. फक्त सराफीत वापरू नये. ही समजूत फार जुनी आहे, पहिल्या शतकातल्या रोमन लेखक प्लिनीनेही ती लिहून ठेवली. वस्तुस्थिती अशी की हिरा कठीण आहे, चिवट नाही. कठीण म्हणजे त्यावर सहजी ओरखडा उठत नाही. चिवट म्हणजे आघात सोसून अखंड राहतो. हिऱ्याच्या स्फटिकात चार दिशांना फुटण्याच्या सपाट पातळ्या असतात, त्यामुळे घणाखाली खरा हिराही चुरा होतो. १९०५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सापडलेला ३,१०६ कॅरटचा कलिनन हिरा १९०८ साली ॲम्स्टरडॅममध्ये जोसेफ आशर यांनी याच पातळ्यांचा फायदा घेऊन फोडला. आधी खाच पाडली, खाचेत पातं बसवलं आणि पात्यावर टोला दिला. पहिल्या टोल्याला पातं मोडलं. पुढच्या प्रयत्नात हिरा दुभंगला.

कठीण आणि चिवट यांतला हाच फरक घणालाही लागू आहे. त्याचं तोंड पाणी देऊन कडक केलेलं असतं, अंग मात्र चिवट ठेवलेलं असतं. म्हणून एका घणावर दुसरा घण मारू नये. दोन्ही तोंडं कडक असल्याने कपचा उडतो आणि थेट डोळ्यात जाऊ शकतो. मार खाऊन छिन्नीचं डोकं कडेने फुलतं, तेही वेळच्या वेळी घासून काढावं. त्या फुललेल्या कडांचेही तुकडे उडतात. दांडा हलत असेल तर पाचर ठोकून घट्ट करावा, तडकला असेल तर बदलावा. आणि डोळ्यांवर चष्मा चढवल्याशिवाय घण उचलू नये.