शिडीवर चढण्याआधी पायांचा तोल

काटोल-नरखेडकडे आंबिया संत्र्याची तोडणी आली की शिडी आलीच. "दिवसभर वावरात चालतो, वेगळा व्यायाम कायले?" असं बरेच जण म्हणतात. पण नुसत्या चालण्याने तोल पुरेसा सुधरत नाही. जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांपुढच्यांना आठवड्यातून किमान ३ दिवस तोलाचे व ताकदीचे व्यायाम सांगते. दात घासताना चौकट धरून एकेका पायावर १० सेकंद उभे राहा. हात न टेकता खुर्चीवरून १० वेळा उठा-बसा. घरच्या म्हाताऱ्यांनाही करायला लावा, पण सोबत उभे राहून. चपलेला चिकटलेली काळी माती शिडीवर चढण्याआधी खरवडून काढा. बीपीची गोळी चालू असेल तर झोपेतून उठून लगेच चालू नका, मिनिटभर बाजेवर बसा. चक्कर येत असेल तर तोडणी दुसऱ्याला द्या आणि डॉक्टरला दाखवा.