गंधार सापडला तेव्हा

२००३च्या जूनमधली गोष्ट. कोपरखैरण्याला तेव्हा रेल्वे आलेली नव्हती. ठाण्याहून वाशीकडे जाणारी लोकल सुरू व्हायला दीडेक वर्ष होतं. कॉलेजातल्या मित्राने राइट करून दिलेली एक सीडी मी खोलीत लावली होती. दाराशी आई मेथी निवडत बसलेली. दोन गाणी झाली आणि ती तिथूनच म्हणाली, "आज बरं लावलंयस. कोण आहेत हे?"

मी म्हटलं, "ओपेथ. मागच्या महिन्यात तू बंद करायला लावलंस ना, तेच."

तिचा विश्वास बसला नाही. "काहीतरीच. ते ओरडणारे वेगळे होते."

ते वेगळे नव्हते. स्टॉकहोमच्या या बँडने नोव्हेंबर २००२मध्ये 'डिलिव्हरन्स' आणि एप्रिल २००३मध्ये 'डॅम्नेशन' असे दोन अल्बम काढले. दोन्हींचं काम एकाच सुमारास, त्याच वादकांनी केलेलं, निर्मितीत दोन्हीकडे स्टीव्हन विल्सनचा हात. पहिल्यात मिकाएल ओकरफेल्टची छातीतून आल्यासारखी वाटणारी गुरगुर, डबल बेस ड्रमचा मारा, जाडजूड गिटार. दुसऱ्यात गुरगुर अजिबात नाही. स्वच्छ गिटार, मेलोट्रॉनचा धुक्यासारखा आवाज आणि शेजारच्या खोलीत कुणी एकटाच गुणगुणावा तसा गळा. आईला पटेना, यात तिचा दोष नव्हता. पण ती "बरं लावलंयस" म्हणाली तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालं उलटंच: मनात काहीतरी टोचलं. तिला आता बरं वाटलं, म्हणजे इतके दिवस मी ऐकत होतो ते वाईट होतं का? हे टोचणं काय असतं, याच्या मागे मी पुढे बरीच वर्षं लागलो.

मेटल बँड मवाळ झाला की त्याच्या चाहत्यांत काय होतं, यावर भरपूर लिहिलं गेलंय. 'विकले गेले' हा आरोप मेटलइतकाच जुना आहे. मेटालिकाने १९८४च्या 'राइड द लाइटनिंग'मध्ये 'फेड टू ब्लॅक' हे संथ सुरुवातीचं गाणं घेतलं, तेव्हाच हा शब्द त्यांच्या वाट्याला आला. १९९१च्या ऑगस्टमध्ये बॉब रॉकच्या निर्मितीखाली त्यांचा काळ्या मुखपृष्ठाचा अल्बम आला तेव्हा तर जुने चाहते हळहळले आणि बाकीचं जग त्यांच्या मागे लागलं. पण त्या बाकीच्या जगाला नेमकं काय ऐकू आलं? मेटल न ऐकणारा माणूस, शेजारी, आई, लोकलमध्ये आपल्या कानातला एक इअरफोन मागून घेणारा मित्र, यांना कुणी विचारत नाही. त्यांचं मत अडाण्याचं समजून सोडून दिलं जातं. मला ते मत फार मोलाचं वाटतं.

सर्वांत सोपं उत्तर आवाजाच्या मोठेपणाचं. मेटल कर्कश, म्हणून नको. हळू झालं, म्हणून हवं. कोपरखैरण्यात राहणाऱ्याला हे उत्तर पटणं कठीण आहे. आमची घरं सिडकोने माथाडी कामगारांसाठी बांधलेली, भिंतीला भिंत लागून. बाबा तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात. खालच्या पट्टीतले आवाज भिंतीतून सहज पार होतात, त्यामुळे चार घरांपलीकडे काय वाजतंय ते न बघता कळतं. जवळच्या आगरी-कोळी गावठाणात हळद असली की रात्री डीजे दणाणतो. गणपतीत ढोल-ताशा, नाशिक बाजा, बेंजो. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. हळदीच्या रात्री तिला कोण विचारतो? आणि त्याच हळदीत आई हौसेने टाळ्या वाजवायची. म्हणजे तिच्या कानाला मोठ्या आवाजाचं वावडं नव्हतंच. माझा छोटा प्लेअर ताशाच्या पासंगालाही पुरला नसता.

मग नकोसं काय होतं? तिच्याच शब्दांत तीन गोष्टी. "माणूस कुठला आवाज काढतोय ते कळत नाही." "ताल धरता येत नाही." आणि तिसरी, तिला नीट सांगता येईना अशी: "सगळं एकाच रंगाचं वाटतं."

पहिलीचा उलगडा शरीरशास्त्रात आहे. गुरगुरत्या गायकीत स्वरयंत्रातल्या खऱ्या पट्ट्यांच्या वर असलेल्या, एरवी निवांत पडून राहणाऱ्या घड्या कंप पावू लागतात. त्यातून सुराची ठाम उंची नसलेला, खरखरीत, एखाद्या मोठ्या जनावराचा वाटावा असा आवाज निघतो. ते शिकावं लागतं. चुकीचं केलं तर गळा बसतो. पण अनोळखी कानाला त्यात माणूस सापडत नाही. आपल्याकडे अंगात आल्यावर बदललेला आवाज असाच ऐकू येतो, आणि तिथे आपण घाबरून हात जोडतो. दुसरी गोष्ट समेची. ज्याच्या कानावर भजनी ठेका पडत आलाय, त्याला पुढची टाळी कुठे येणार हे आधी कळतं. अतिवेगवान ड्रममध्ये त्याचा हात हवेतच राहतो.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ती उलगडायला मला स्वतः गिटार हातात घ्यावी लागली.

मेटलच्या गिटारचा आवाज डिस्टॉर्शनने घडतो. ध्वनीची लाट इतकी वाढवायची की तिची शिखरं कापली जातील. कापलेल्या कडांमधून मूळ सुरात नसलेले कितीतरी उपसूर जन्माला येतात. असे दोन सूर एकत्र वाजले की त्यांच्या फरकाचाही एक सूर तयार होतो. षड्ज आणि पंचम एकत्र वाजवा: फरकाचा सूर येतो तो खालच्या सप्तकातला षड्जच. तो मूळ षड्जाला आणखी जाड करतो. म्हणून मेटलची सगळी इमारत या सा-पच्या जोडीवर उभी आहे. तिलाच 'पॉवर कॉर्ड' म्हणतात. आपला तानपुरा बहुधा ज्या दोन सुरांवर लावतात, तेच हे दोन. आता त्याच डिस्टॉर्शनमध्ये षड्जाबरोबर कोमल गंधार वाजवा. फरकाचा जो सूर उमटतो तो भलताच, जोडीत नसलेला, खालून गढूळ करणारा. म्हणून जाड आवाजाच्या गिटारीवर गंधार बहुतेक एकट्याने, रिफच्या, म्हणजे पुन्हापुन्हा वाजणाऱ्या छोट्या स्वरवाक्याच्या, ओळीत इतर सुरांच्या मागेपुढे येतो. सा आणि ग एकमेकांवर टेकून उभे राहिलेले क्वचितच भेटतात. आणि हे गाणं हसरं की उदास, हे आपल्याला मुख्यतः गंधारच सांगतो.

डिस्टॉर्शन काढलं की गंधाराला दार उघडतं. बाहेरच्या माणसाला 'मवाळ' म्हणून ऐकू येतं ते बरंचसं हेच, अशी माझी खात्री झाली आहे. आईचं 'एकाच रंगाचं' आणि नंतरचं 'बरं लावलंयस' यांच्या मधलं अंतर एका सुराचं होतं.

'नथिंग एल्स मॅटर्स' आठवा. काळ्या अल्बममधलं हे गाणं जेम्स हेटफिल्डने आधी स्वतःपुरतंच केलं होतं, बँडसाठी नव्हे. त्यावर मायकेल केमनने व्हायोलिनांचा ताफा चढवला. त्याची सुरुवात डाव्या हाताचं एकही बोट तारेवर न ठेवता वाजते: सर्वांत जाड तार, मग तिसरी, दुसरी, पहिली. आपल्या भाषेत सा, कोमल ग, प, वरचा सा. षड्जानंतर पहिलाच सूर कोमल गंधार, आणि चारही तारा एकमेकींत मिसळत घुमत राहतात. आमच्या सेक्टरमध्ये दहा बाय बाराच्या खोल्यांत चालणाऱ्या गिटार क्लासांतून हे चार सूर मी इतक्या वेळा ऐकलेत की संध्याकाळच्या आवाजांत ते कुकरच्या शिट्टीइतके रुळलेत. ते वाजवणाऱ्या दहा-बारा वर्षांच्या मुलांपैकी अनेकांना मेटालिका कोण हे ठाऊक नसतं. गाणं आपल्या बँडच्या पुढे निघून गेलं.

मुंबईची गोष्ट थोडी निराळी आहे, कारण इथे मेटलचे आतले लोक मुळातच मूठभर. १९८६पासून धोबीतलावच्या रंगभवनात 'इंडिपेंडन्स रॉक' भरायचा आणि उघड्या आकाशाखाली पोरं माना हलवायची. रॉक मशीन हा बँड त्याच्याही आधीचा, १९८४चा: उदय बेनेगल, महेश तिनईकर आणि मंडळी. त्यांचं वाजवणं शुद्ध मेटल नव्हे, हार्ड रॉक; पण त्या काळी इथल्या श्रोत्याला हा भेद करायची चैन परवडत नव्हती. १९८८मध्ये त्यांचा 'रॉक अँड रोल रेनेगेड' आला, १९९३मध्ये त्यांनी नाव बदलून इंडस क्रीड केलं आणि १९९५च्या अल्बमपर्यंत आवाजाची धार कमी होऊन इथल्या मातीचे रंग त्यात मिसळले. रॉकशी ज्यांचा संबंध नव्हता अशा घरांत टीव्हीवर त्यांची गाणी बघितली गेली. विशाल ददलानी यांच्या पेंटाग्रामचंही तसंच: १९९६चा पहिला अल्बम जाड गिटारींचा, २००२चा 'अप' इलेक्ट्रॉनिक आवाजाकडे वळलेला. विशाल हिंदी सिनेमाचे संगीतकार म्हणून घरोघरी पोचले तेव्हा आमच्या शेजारच्या काकूंना ते आधी काय करत होते हे सांगून पटत नसे. हे ऐकताना मला पुन्हा 'ते ओरडणारे वेगळे होते' आठवायचं.

स्कायहार्बरचं उदाहरण मला सर्वांत बोलकं वाटतं. दिल्लीच्या केशव धरने सुरू केलेल्या या बँडमध्ये पुढे मुंबईचे वादक आले. त्यांच्या २०१२च्या पहिल्या अल्बमचे सरळ दोन भाग होते: 'इल्युजन'मध्ये डॅनियल टॉम्पकिन्सचा तरल, उंच गळा, 'केऑस'मध्ये मुंबईच्या भयानक मौत या बँडच्या सुनीत रेवणकरची गर्जना. दोन वर्षांनी 'गायडिंग लाइट्स' आला तो पूर्णपणे पहिल्या वाटेने गेलेला. मेटल न ऐकणाऱ्या ज्या मित्रांना मी तो ऐकवला, त्यांनी तो ठेवून घेतला. मेटलवाल्या मित्रांनी 'छान आहे' म्हटलं आणि विषय बदलला.

डीमॉनिक रिझरेक्शनने उलट दिशा घेतली. साहिल मखिजांच्या या मुंबईकर बँडने २०१७मध्ये 'दशावतार' काढला. गुरगुर आणि मारा कायम, जोडीला भारतीय वाद्यं. गाण्यांची नावं मत्स्य, कूर्म, वराह अशी. आईने मोबाइलवर ती यादी वाचली, वामनापर्यंत ऐकायचा प्रयत्न केला आणि म्हणाली, "नावं आपली आहेत, पण मला आत जाता येत नाही." 'आत जाता येत नाही' हे तिचे शब्द मी जपून ठेवलेत.

बाहेरच्यांना आत घेणारं दार कुठलं, हा प्रश्न आपल्या संगीताने कधीच सोडवला आहे. भीमसेन जोशींनी संतवाणीचे कार्यक्रम सुरू केले, राम फाटक आणि श्रीनिवास खळे यांच्या चालींवर अभंग गायले, तेव्हा विलंबित ख्याल कधी ऐकला नव्हता अशी माणसं हजारोंनी आली. अभंगांमुळे पंडितजी सोपे झाले, अशी कुरकूर मी स्वतः जाणत्यांच्या तोंडून ऐकली आहे. माझे बाबा त्या हजारोंतले. जावळीच्या खोऱ्यातून आलेला, पोती वाहणारा माणूस. मार्केटात कुणाच्या तरी टेपवर अभंग ऐकून भीमसेनांचा झाला. पुढे त्यांनी तोडीची एक कॅसेट आणली. पहिल्या दिवशी दहा मिनिटांत बंद केली. महिन्याभराने पुन्हा लावली. शेवटी रविवारी सकाळी ती पूर्ण वाजू लागली. तोडीत काही बदललेलं नव्हतं. अभंगांनी त्यांना तो गळा ओळखीचा करून दिला होता, आणि ओळखीच्या माणसाचं अवघड बोलणंही आपण थांबून ऐकतो.

आतल्याचं टोचणं खोटं आहे असं मला म्हणायचं नाही. कॉलेजात मेटल ऐकणारे आम्ही तिघं होतो. आमच्यावर सगळे हसायचे, त्यामुळे ते संगीत आमचं घर झालं. त्या घराच्या भिंती गुरगुरीच्या होत्या. भिंत पाडून कुणी म्हणालं, आता बघा किती उजेड आला, तर आत राहणाऱ्याला वारा लागतोच. २०११मध्ये ओपेथने 'हेरिटेज'मध्ये गुरगुर पुरती सोडली तेव्हा मी अल्बम विकत घेतला आणि कितीतरी दिवस ऐकला नाही. २०१९च्या अखेरीस ते पुण्याच्या एनएच-७ वीकेंडर या संगीत महोत्सवाला आले. मैफलीत ते जुनीही गाणी गात असत, जुन्या आवाजात. पुढच्या रांगांत आम्ही केस पिकू लागलेले. मागे गवतावर बसलेली, दुसऱ्याच कुणाला ऐकायला आलेली तरुण मुलं. ती उठून पुढे आली नाहीत, निघूनही गेली नाहीत. ती ऐकत होती. मला ते फार आवडलं.

२०२१मध्ये काळ्या अल्बमला तीस वर्षं झाली म्हणून मेटालिकाने त्यातली गाणी जगभरच्या ५३ कलाकारांकडून करून घेतली. 'द अनफर्गिव्हन' विशाल ददलानी, रॅपर डिव्हाइन आणि शोर पोलीस यांच्या वाट्याला आलं. या गाण्यात मेटालिकाने एक उलटापालट केली होती: संथ गाण्यांत कडवं हळुवार आणि ध्रुवपद जोरकस असायचं, इथे कडवं जड आणि ध्रुवपद हळुवार. मुंबईच्या मंडळींनी त्यात रॅप घातला. क्लासला जाणाऱ्या आमच्या गल्लीतल्या मुलाने ते आधी ऐकलं आणि मूळ गाणं नंतर शोधलं. बाबांच्या तोडीची वाट हीच.

२०२४च्या नोव्हेंबरमध्ये ओपेथचा 'द लास्ट विल अँड टेस्टामेंट' आला आणि १६ वर्षांनी त्यांच्या नव्या गाण्यांत गुरगुर परतली. आई आता पंचाहत्तरीत आहे. मी तो हेडफोनवर ऐकत बसलो होतो. तिने खुणेने विचारलं काय ते, म्हणून स्पीकरवर लावला. गाण्यांना नावं नाहीत, फक्त कलमांचे आकडे. शेवटचं तेवढं नावाचं, आणि तेच सर्वांत हळुवार. मी सांगितलं, गोष्ट आहे: श्रीमंत बाप मेलाय आणि त्याचं मृत्युपत्र मुलांसमोर वाचलं जातंय. पहिल्या कलमात गुरगुर आली. माझा हात सवयीने आवाज कमी करायला गेला.

"राहू दे," आई म्हणाली. थोडा वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "हा बाप असणार. मेल्यावर बोलतोय, आवाज असाच येणार त्याचा. मुलगी कोणती?"