पीकविम्याच्या सरासरीतून सांख्यिकीचे धडे

आष्टी (जि. बीड), प्रतिनिधी : दहावीच्या बीजगणिताच्या पुस्तकात सांख्यिकीचे प्रकरण सर्वांत शेवटी येते. मध्य, मध्यक आणि बहुलक यांची सूत्रे पाठ केली आणि वृत्तालेख नीट काढला की गुण मिळतात. आकडे तयारच असतात. ते कोणी, कोठून आणि कसे मोजले, हा प्रश्न वर्गात सहसा उद्भवत नाही. अवर्षणप्रवण आष्टी तालुक्यातील शेतकऱ्याच्या घरी मात्र 'सरासरी' हा शब्द परीक्षेपुरता नसतो. आपले शेत करपले तरी महसूल मंडळाची सरासरी उंबरठ्याच्या वर राहिली, तर पीकविम्याची भरपाई मिळत नाही. खरीप २०२५ पासून राज्यातील एक रुपयात पीकविमा बंद झाला आणि भरपाईचा आधार प्रामुख्याने पीक कापणी प्रयोगावर आला. त्यामुळे या गणिताचे महत्त्व वाढलेच आहे.

हे गणित वर्गात सहज मांडता येते. मागील सात वर्षांपैकी सर्वाधिक उत्पन्नाच्या पाच वर्षांची सरासरी काढायची आणि तिच्या ७० टक्के घ्यायचे. हेच उंबरठा उत्पन्न. समजा, एखाद्या मंडळात तुरीचे हेक्टरी उत्पन्न सात वर्षांत ९, ४, ८, १०, ३, ७ आणि ६ क्विंटल आले. ४ आणि ३ वगळल्यास पाच वर्षांची सरासरी ८ येते व उंबरठा ५.६ क्विंटल ठरतो. सातही वर्षे धरली असती तर तो सुमारे ४.७ वर घसरला असता. दुष्काळाची दोन वर्षे वगळण्यात कोणाचे हित आहे, हे विद्यार्थ्यांना वेगळे सांगावे लागत नाही. आता यंदाचे मंडळाचे उत्पन्न ६ क्विंटल आले, तर एक क्विंटलही न पिकलेल्या शेतकऱ्याच्या हाती काहीच पडत नाही. मध्य हा विखुरलेपण झाकतो, हे पुस्तकी वाक्य येथे पैशांत मोजता येते.

पावसाचे आकडे तर रोजचे असतात. कृषी विभागाच्या 'महारेन' या संकेतस्थळावर मंडळनिहाय पाऊस पाहता येतो. कडा, धामणगाव, दौलावडगाव अशा मंडळांची जून ते सप्टेंबर या १२२ दिवसांची नोंद संगणकावरील तक्त्यात उतरवून घ्यावी. निम्म्याहून अधिक दिवस कोरडे गेले असतील तर दैनिक पावसाचा मध्यक शून्य येतो. मध्य मात्र दोन-चार मुसळधार सरींनी फुगलेला दिसतो. पावसाचा खंड किती दिवसांचा होता, हे तर दोन्ही सांगत नाहीत. त्यासाठी तारखांचा आलेखच काढावा लागतो. 'कोडॅप' हे मोफत साधन ब्राउझरमध्येच चालते. त्यात एकेक दिवस ठिपक्याच्या रूपाने दिसतो व हवा तसा मांडता येतो.

सर्वांत महत्त्वाचा धडा नमुना निवडीचा. पूर्वी पिकाचा अंदाज नजरेने, आण्यांत बांधला जाई. आणेवारी हा शब्द त्यातूनच आला. सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात यादृच्छिक पद्धतीने शेते निवडून, ठरावीक मापाच्या तुकड्यातील पीक कापून उत्पन्न काढण्याची रीत देशात रुजवली. आजचे पीक कापणी प्रयोग त्याच वाटेने चालतात.

मोजक्या शेतांवरून सबंध मंडळाचे उत्पन्न कसे ठरते, ही शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर संगणक देऊ शकतो. तक्त्यात १०० काल्पनिक शेतांचे उत्पन्न भरावे, 'रँड' या सूत्राने त्यांतील १० निवडून सरासरी काढावी आणि हीच कृती वीसदा करावी. दर वेळी उत्तर थोडे बदलते, पण बहुतेक उत्तरे खऱ्या सरासरीच्या आसपास येतात. मग रस्त्यालगतची पाण्याखालील १० शेतेच मुद्दाम निवडून पाहावीत. सरासरी चढते, उंबरठा ओलांडते आणि कागदावर सारे आलबेल दिसते. संगणक कमी असतील तर चिठ्ठ्या टाकूनही हा प्रयोग होतो. त्याला एखादा तास अधिक लागतो, एवढेच.