भूल समजून घेताना (भाग ९) : थंड थिएटरमध्ये चढणारा ताप

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपुढे गेला की उष्माघाताचे रुग्ण येऊ लागतात. त्यांचे शरीर बाहेरच्या उन्हाने तापलेले असते. आजच्या भागातला ताप मात्र वातानुकूलित ऑपरेशन थिएटरमध्ये चढतो, तोही रुग्ण भुलीखाली झोपलेला असताना. ही उष्णता त्याच्याच स्नायूंत तयार होते. याला मॅलिग्नंट हायपरथर्मिया म्हणतात. नावात ‘मॅलिग्नंट’ असले तरी कर्करोगाशी त्याचा काही संबंध नाही. तो दुर्मीळ आहे, पण आला तर अर्ध्या तासातही जिवावर बेतू शकतो.

त्याची ओळख पटली मेलबर्नमध्ये. पाय मोडलेला २१ वर्षांचा एक तरुण पायापेक्षा भुलीलाच जास्त घाबरत होता, कारण त्याचे दहा नातेवाईक ईथरची भूल दिल्यावर दगावले होते. डॉक्टरांनी त्या काळी नवे असलेले हॅलोथेन वापरले, तरी त्याची प्रकृती ढासळू लागली. भूल लगेच थांबवली, बर्फाने अंग गार केले आणि तो वाचला. डेनबरो आणि लव्हेल या डॉक्टरांनी १९६० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ही हकीकत छापली. त्या तरुणाचे म्हणणे कोणीतरी मनावर घेतले, म्हणून हा आजार वैद्यकशास्त्राला कळला.

आता स्नायूच्या आत पाहू. प्रत्येक स्नायुपेशीत कॅल्शियमची एक बंद कोठी असते. मेंदूचा निरोप मज्जातंतूमार्फत आला की कोठीचे दार, म्हणजे रायनोडिन रिसेप्टर, क्षणभर उघडते. कॅल्शियम बाहेर येते, तंतू एकमेकांवर सरकतात, स्नायू आखडतो. लगेच पेशीतले पंप कॅल्शियम पुन्हा कोठीत भरतात आणि स्नायू सैल पडतो. काही कुटुंबांत या दाराच्या जनुकात जन्मजात दोष असतो. एरवी तो जाणवतही नाही. पण हॅलोथेन, आयसोफ्लुरेन, सेव्होफ्लुरेन किंवा डेसफ्लुरेन हे भुलीचे वायू रक्तातून स्नायूत पोचले, अथवा स्नायू सैल करणाऱ्या स्कोलिनचे इंजेक्शन दिले, की ते सदोष दार उघडते आणि मिटायचे नाव घेत नाही. हतनूर धरणाचे सगळे दरवाजे उघडे असताना खाली आलेले पाणी पंपांनी परत धरणात चढवायला घ्यावे, तशी पेशीची गत होते. आखडणारे तंतूही ऊर्जा खातात, पंपही खातात. प्राणवायू संपत जातो, कार्बन डायऑक्साइड आणि आम्ल साचते, उष्णता वाढत राहते.

म्हणून पहिली खूण बहुधा तापाची नसते, श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडची असते. मॉनिटरवर तो आकडा चढू लागतो, नाडी धावते, जबडा किंवा हातपाय ताठरतात. ताप बऱ्याचदा मागून येतो. पॅरासिटामॉल इथे निरुपयोगी, कारण हा ताप मेंदूने चढवलेलाच नाही. ऊर्जा संपली की पेशी फुटतात. त्यातले पोटॅशियम हृदयाची लय बिघडवते आणि मायोग्लोबिन मूत्रपिंडात अडकते. लघवी चहासारखी होते.

ते दार आवरणारे औषध आहे, डँट्रोलिन. ते येण्यापूर्वी दहांतले सात-आठ रुग्ण दगावत. वेळेवर मिळाले तर आता बहुतेक वाचतात. पण एका कुपीत जेमतेम २० मिलिग्रॅम, तीही ६० मिलिलिटर पाण्यात विरघळवायची. ६० किलोच्या माणसाला पहिल्याच डोसला आठ कुप्या लागतात. महागडे आणि क्वचित लागणारे हे औषध भारतात वर्षानुवर्षे सहजी मिळत नव्हते. ते हाताशी नसेल तिथे वायू तत्काळ बंद करणे, शंभर टक्के प्राणवायू देणे आणि अंग गार करणे एवढेच उरते.

त्यामुळे धुळे-जळगावच्या माणसाने करायची खरी गोष्ट ऑपरेशनच्या आधीची आहे. आपल्याकडे अनेक खासगी दवाखान्यांत भूलतज्ज्ञ बाहेरून येतात. रुग्णाशी त्यांची भेट ऐनवेळी, थोडक्यात होते. ‘आमच्या काकांना भूल मानवली नाही’, ‘आत्या टेबलवरच गेली’ असे घरात बोलले जात असेल, तर ते त्यांना आवर्जून सांगा. आई किंवा वडिलांत हा दोष असेल, तर प्रत्येक अपत्यात तो येण्याची शक्यता निम्मी असते. स्वतःला आधी एकदा भूल सुखरूप गेली, एवढ्यावर निर्धास्त राहू नका. दुसऱ्या-तिसऱ्या वेळीही हा ताप उसळू शकतो. तुम्ही सांगितल्याने ऑपरेशन रद्द होईल ही भीती नको. पाठीच्या कण्यातली भूल, जागेपुरती भूल, प्रोपोफॉल, केटामाइन, नायट्रस ऑक्साइड यांपैकी कशानेही ते दार उघडत नाही.